मोठ्यांच्या टेबलावर बसताना

म्हापसा, 20 एप्रिल

चि. सोहम यास,


मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळे कळंगुटला उतरताय, हे दादाने फोनवर सांगितलं. ‘सोहमला यंदा संध्याकाळी बरोबरच नेणार, मोठा झालाय आता,’ असंही म्हणाला. दादाला काय सांगायचं ते मी सांगेनच. हे पत्र तुझ्यासाठी.

खुशाल जा. गोव्यात निम्म्या पाट्यांवर ‘बार अँड रेस्टॉरंट’ असंच लिहिलेलं असतं आणि लोक लेकरांसकट तिथे जेवायला बसतात. तूही बस. इसवणाची रवा फ्राय माग, कोकम सोडा घे आणि चखण्यावर पोट भरू नकोस, जेवण वेळेवर मागव. बिअर लगेच येते आणि जेवण साडेअकराला, हा आपल्या घरचा जुना रिवाज आहे. भूक लागली की तोंड उघडायचं, भीड धरायची नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या पेगला कुणीतरी म्हणणारच, ‘घे रे एक घोट, बाहेर चोरून घेण्यापेक्षा आमच्यासमोर घेतलेला बरा.’ वाक्य प्रेमाचं आहे, पण फसवं आहे. गोव्यात पिण्याचं वय 21 आहे. आपल्या महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25. बाल न्याय कायद्याचं 77वं कलम तर अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. त्याला अपवाद डॉक्टरांच्या आदेशाचा, काकांच्या आग्रहाचा नव्हे. हे कलम तिथे पाठ म्हणून दाखवू नकोस, उगाच टेबल तापेल. ‘मला नको’ एवढंच म्हण, आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तेवढंच. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि पिणाऱ्याशी वादात जिंकलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

त्या टेबलावर पूर्ण शुद्धीत असलेला बहुधा तू एकटाच असशील. जमिनीची वाटणी, कुणाचं जुनं भांडण, कुणाच्या नोकरीचं दुखणं, असं पुष्कळ कानावर पडेल. ते तिथेच सोडून ये. पुढे कधी बाबांशी बिनसलं तर त्या रात्रीचं वाक्य काढून त्यांना टोचू नकोस. पण ‘आजीला यातलं काही सांगायचं नाही हं’ असं ओझं कुणी तुझ्यावर टाकलं, तर ते घेऊ नकोस. मोठ्यांची लपवाछपवी मोठ्यांनीच सांभाळावी. कंटाळा आला तर आईला सांगून खोलीवर परत जा. बसून राहणं हा काही तुझा धर्म नाही.

शॅकवर असाल तर समोर समुद्र असतो. दोन ग्लास झाल्यावर कुणी पाण्यात उतरायला निघालं, तर लहान-मोठं न बघता आडवा हो. लाल झेंडा असेल तर न प्यायलेल्यानेही उतरायचं नसतं.

आणि गाडीची किल्ली. ‘सोहमने घेतली नाही, तोच चालवेल,’ हे म्हणणारे निघतील. तुला परवाना नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, भाड्याची स्कूटरसुद्धा त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे 2024 मध्ये तुमच्याच पुण्यात, कल्याणीनगरला काय झालं ते तू वाचलं आहेस. अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले, आणि त्या रात्रीची सुरुवातही मुलांपुढे आलेल्या ग्लासांनीच झाल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे. इथे ओला-उबर चालत नाहीत, म्हणून परतीची टॅक्सी जेवायला निघतानाच ठरवून ठेव. ते काम आनंदाने अंगावर घे.

दारूबद्दल कुतूहल असेल तर तेही चांगलं आहे, ते दिवसा भागव. मे म्हणजे काजूचा हंगाम संपत आलेला, पण सत्तरी तालुक्यात एखादी भट्टी अजून पेटलेली सापडेल. मी नेते तुला. बोंडू तुडवून रस कसा काढतात, पहिल्या वाफेची हुर्राक आणि पुन्हा गाळल्यावर फेणी कशी होते, सगळं बघ. ज्या काजूला आपण कोकणी म्हणतो तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, आणि 2009 पासून काजू फेणीला गोव्याचं भौगोलिक मानांकन आहे. नीरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, मिळाला तर तो मात्र पोटभर पी, त्यात नशा नसते.

माझा नंबर तुझ्याकडे आहे. रात्रीचे दोन वाजले असले आणि चालवणारा कुणी धड नसला, तर मला फोन कर. मी येईन, आणि कुणालाही काही विचारणार नाही. तू फक्त त्या गाडीत बसू नकोस.

तुझी,
आत्या