सोलर कंट्रोलरचे आकडे वाचायचे कसे

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब आडवे झाले, तारा तुटल्या आणि मुरुड-श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. अशा किनाऱ्यावर छपरावर एक पॅनेल आणि घरात एक बॅटरी असणं ही चैन नाही. पण पॅनेल बसवणारा माणूस काम उरकून जातो आणि भिंतीवरची कंट्रोलरची डबी घरच्यांच्या हवाली होते. तिच्यावरचे आकडे कोणी वाचत नाही, आणि चांगली बॅटरी दोन पावसाळ्यांत बसते. हे टाळता येतं. त्यासाठी वायरमन असण्याची गरज नाही.

उदाहरणासाठी याच किनाऱ्यावरच्या, खाडीकाठच्या आगरदांड्यातलं एक साधं घर धरू: 100 वॅटचं एक पॅनेल, 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (पाणी घालायची लेड-अॅसिड) बॅटरी आणि पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर. तुमची बॅटरी 24 व्होल्टची असेल तर खालचे व्होल्ट दुप्पट धरा. हाताशी एक साधा मल्टिमीटर ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ पेन्सिल बांधून ठेवा.

1. आधी हे ओळखा की समोरचा आकडा मोजलेला आहे की लावलेला. बाजारात सर्रास मिळणाऱ्या कंट्रोलरवर नेहमी बॅटरीचे व्होल्ट दिसतात. मेनूचं बटण दाबत गेलं की 13.7, मग 12.6, मग 10.7 असे आकडे येतात. ते बॅटरीचे नाहीत, कंट्रोलरला दिलेले हुकूम आहेत. भरलेल्या बॅटरीला 13.7 वर धरून ठेव, 10.7 ला दिवे-पंखा तोड, बॅटरी 12.6 वर आली की पुन्हा जोड. पुष्कळ घरांत हा 13.7 पाहूनच ‘बॅटरी फुल आहे’ असं म्हणतात. बटणाला हात न लावता जो आकडा दिसतो, तोच खरा.

याच वेळी दोन गोष्टी करून टाका. बॅटरीचा प्रकार बरोबर लावलाय का ते कंट्रोलरसोबतच्या पत्रकावरून पाहा. पाणी घालायची बॅटरी, बंद बॅटरी आणि लिथियम यांचे हुकूम वेगवेगळे असतात. आणि तोडण्याचा आकडा 10.7 वरून 11.5 च्या आसपास आणा. 10.7 पर्यंत बॅटरी पार खरवडून निघते. रोज तिथवर नेलेली लेड-अॅसिड बॅटरी फार काळ टिकत नाही.

2. पहाटेचा आकडा घ्या. दिवसभरातला सर्वांत खरा आकडा हाच. पॅनेलवर ऊन येण्याआधी पंखा-दिवे बंद करा, अर्धा तास थांबा, मग व्होल्ट वाचा. 12.7 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे पावच उरली, 11.8 म्हणजे रिकामी. फरक दशांशातला आहे, म्हणून ‘बारा आहे’ एवढं पाहून भागत नाही. पंखा चालू असताना घेतलेला आकडा कमी दिसतो (म्हणूनच वरचा तोडण्याचा आकडा 11.8 च्याही खाली, 11.5 आहे) आणि ऊन असताना घेतलेला जास्त. स्क्रीनवरच्या बॅटरीच्या चित्रातल्या पट्ट्याही या व्होल्टवरूनच भरतात आणि उतरतात, त्यामुळे पंखा लावताच एक पट्टी गेली तरी घाबरू नका.

3. दुपारी बारा-एकला व्होल्ट आणि अँपिअर एकत्र वाचा. एकटा आकडा इथे फसवतो. 100 वॅटच्या पॅनेलकडून कडक उन्हात साधारण 5 ते साडेपाच अँपिअर मिळतात. बॅटरी रिकामी असेल तर अँपिअर भरपूर दिसतात आणि व्होल्ट 13 च्या आसपास रेंगाळतात. भरत आली की व्होल्ट 14.4 ला टेकतात आणि अँपिअर आपोआप उतरू लागतात. पूर्ण भरली की व्होल्ट 13.7 वर येतात आणि अँपिअर अर्ध्या अँपिअरवर किंवा त्याहून खाली जातात. म्हणजे भर उन्हात अर्धा अँपिअर दिसला तर तो पॅनेलचा दोष नसून बॅटरीचं पोट भरल्याची खूण असू शकते. आधी व्होल्ट पाहा, मगच छपरावर चढा. कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर असेल तर वैशाख-ज्येष्ठात 14.4 ऐवजी 14.1 किंवा 14.2 लाच तो थांबतो, तेही बरोबरच आहे.

खरी काळजी करायची ती पुढच्या जोड्यांची. व्होल्ट 12.8 आणि भर दुपारी अँपिअर जेमतेम एक: पॅनेल मळलंय, सावलीत आहे किंवा जोड सुटलाय. समुद्राकडच्या वाऱ्याने काचेवर मिठाची पापुद्री बसते, रस्त्याची तांबडी धूळ तिला चिकटते. सकाळी काच थंड असताना गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. वाडीतल्या माडाची एकच झावळ पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली धरत असेल तरी अँपिअर कोसळतात, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. पॅनेलचे व्होल्ट 21 आणि अँपिअर शून्य: बॅटरी भरलेली नसेल तर फ्यूज उडालाय किंवा बॅटरीची वायर निघालीय. चार्जिंग चालू असताना मात्र पीडब्ल्यूएममध्ये पॅनेलचे व्होल्ट बॅटरीच्या जवळ उतरलेले दिसतात, तो बिघाड नाही.

आणि सर्वांत वाईट जोडी: सकाळी ऊन आल्यावर अर्ध्या तासात व्होल्ट 14.4 वर, रात्री पंखा लावल्यावर तासाभरात 11.5 वर. अशी बॅटरी लवकर भरते असं नाही, तिच्यात साठवायला जागाच उरलेली नसते. आणखी एक पॅनेल घेऊन तिचं भलं होणार नाही. आधी सेलमधलं पाणी तपासा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. तरीही फरक पडला नाही तर बॅटरी बदला.

4. रात्री खर्च वाचा. 5 वॅटचे तीन दिवे आणि 25 वॅटचा डीसी पंखा चालू असताना लोडचा, म्हणजे दिवे-पंख्याचा, आकडा सव्वातीन अँपिअरच्या आसपास दिसायला हवा. दिवे पाच तास, पंखा आठ तास, म्हणजे रात्रीचे सुमारे 23 अँपिअर-तास. पॅनेल चांगल्या दिवसाला पाच तास साडेपाच अँपिअर देतं, म्हणजे साडेसत्तावीस अँपिअर-तास. बॅटरीत भरताना काही वाया जातं. हिशेब जेमतेम जुळतो, आणि तोही उन्हाळ्यात. इन्व्हर्टर बॅटरीला थेट जोडलेला असेल, आणि तो तसाच जोडायचा असतो, तर त्याचा खर्च कंट्रोलरच्या लोडमध्ये दिसत नाही. लोड शून्य दाखवत असतानाही बॅटरी उतरते ती यामुळे.

5. पंधरा दिवसांतून एकदा कंट्रोलर पडताळा. चार्जिंग चालू असताना मल्टिमीटरची टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर लावा. स्क्रीनवरचा आकडा आणि हा आकडा यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधल्या जोडांत गंज आहे. खाडीच्या दमट, खाऱ्या हवेत हे हमखास होतं. तो साफ करायला आधी लोड काढा, मग पॅनेल, शेवटी बॅटरी. सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसा, पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका, कोरडं करून घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेली लावा. जोडताना उलटं: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी लोड. हा क्रम चुकवू नका. बॅटरीशिवाय पॅनेल जोडलं तर कंट्रोलर 12 की 24 हे चुकीचं ओळखू शकतो, जळूही शकतो.

6. पावसाळ्यात पहाटेच्या आकड्यावर चाला. भरलेली बॅटरी वरच्या खर्चाने दोन रात्रींत अर्ध्यावर येते. जूनमध्ये झड लागली आणि पहाटेचा आकडा 12.2 च्या खाली गेला, तर त्या दिवशी पंखा बंद, फक्त दिवे. लाईट असेल त्या वेळात चार्जरवर बॅटरी भरून घ्या. अर्धी रिकामी बॅटरी आठवडाभर तशीच ठेवणं हे तिला सर्वांत बाधतं.

लिथियम बॅटरी असेल तर पहाटेचे हे आकडे विसरा. ती बराच काळ 13.2 च्या आसपासच राहते आणि शेवटी एकदम पडते. तिथे किती अँपिअर-तास आत गेले आणि किती बाहेर आले, हेच पाहायचं.

पहाटेचा आणि दुपारचा आकडा रोज कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. बिघाड झाला की मिस्त्रीला नुसतं ‘सोलर चालत नाही’ असं सांगू नका, मागच्या महिन्याचे आकडे फोनवर वाचून दाखवा. म्हणजे मुरुडहून येताना किंवा दिघीहून फेरीने खाडी ओलांडताना तो फ्यूज घेऊन येईल की बॅटरी, हे त्याला निघण्याआधीच कळेल.