इंग्रजीतील उपमा कशा शिकाव्यात?
जळगाव-धुळ्याच्या मराठी शाळांत शिकलेली आपली मुले मुलाखतीत इंग्रजीला घाबरतात, कारण ती शब्दाला शब्द लावतात. उपमेची रचना सोपी आहे : दोन ‘ॲज’च्या मध्ये गुण, शेवटी उपमान. ‘ॲज व्हाइट ॲज स्नो’ म्हणजे पांढरेशुभ्र. खानदेशात आपल्याला कापूस आठवतो, इंग्रजांना हिम. ‘ॲज पुअर ॲज अ चर्च माउस’ म्हणजे अत्यंत गरीब. चर्चमध्ये धान्याची कणगी नसते, म्हणून तिथला उंदीर उपाशी. ‘ॲज कूल ॲज अ ककंबर’ म्हणजे काकडीसारखा गार नव्हे, तर कठीण प्रसंगीही शांत. उपमा रूढ असते. तिच्यातील शब्द बदलू नका. रोज एक उपमा अर्थासह वहीत लिहा व स्वतःचे वाक्य करा. मग मुलाखतीला जाताना तुम्हीही ‘ॲज कूल ॲज अ ककंबर’ असाल!