बैलाचा खांदा : झीज आणि भरपाई

पोळ्याच्या आदल्या दिवशी बुटीबोरीच्या पंचक्रोशीत बैलांची खांदशेकणी होते. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले, त्यास हळद-लोणी लावून तो पळसाच्या पानांनी शेकतात. त्या वेळी हात फिरविला असता असे आढळते की, तरुण गोऱ्ह्याचे जुने खरचटणे केसांखाली नाहीसे झालेले असते. उलट वयस्क बैलाच्या खांद्यावर टणक, बिनकेसाचा घट्टा कायम असतो. हा भेद का पडतो, हे गोठा बाळगणाऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

शरीर हे पेशी नामक अतिसूक्ष्म घटकांचे बनलेले आहे. कातड्याचा वरचा थर नित्य झिजतो आणि खालच्या पेशी दुभंगून त्याची भरपाई करतात. जखम उथळ असून केसांची मुळे शाबूत असली, तर कातडे पूर्ववत होते. जखम खोल गेली म्हणजे उघडे मांस त्वरित झाकणे शरीरास भाग पडते. मग तेथे चिवट धाग्यांचा व्रण भरतो. व्रण म्हणजे ठिगळ होय, मूळ वस्त्र नव्हे. त्यावर केस येत नाहीत व तो नीट ताणत नाही; म्हणून जू घासताच तीच जागा पुन्हा फाटते.

सस्तन प्राण्यांत गेलेला अवयव सबंध नव्याने येणे दुर्मिळच. रोह्याचे किंवा बैलाचे शिंग मुळापासून मोडले तर पुन्हा येत नाही. पण बोरच्या जंगलातील चितळ व सांबर यांच्या नरांची शिंगे गळून पडतात आणि मखमली कातड्याखाली हाडासकट नवी वाढतात. असे सामर्थ्य बैलाच्या खांद्यास लाभलेले नाही.

शिवाय पेशींच्या दुभंगण्यासही मर्यादा आहे. १९६१ साली अमेरिकेत हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखविले की, शरीराबाहेर वाढविलेल्या मनुष्याच्या साध्या पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होऊन थांबतात. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांशी टेलोमिअर नावाची टोपणे असतात. दर वेळी ती थोडी आखूड होतात, आणि फार आखूड झाली म्हणजे पेशी दुभंगणे सोडते. अशा थकलेल्या पेशी वयाबरोबर साठत जातात व शेजारच्या पेशींच्या कामातही व्यत्यय आणतात. म्हाताऱ्या जनावराची जखम सावकाश भरते, त्याचे हे एक कारण होय.

मग ही मर्यादाच काढून टाकावी, असे कोणी म्हणेल. परंतु मर्यादा झुगारून वाढणाऱ्या पेशींचे नाव कर्करोग. आपल्याकडील प्रौढ बैलांस होणारा शिंगाचा कर्करोग त्यातलाच. बैल डोके एका अंगास कलवू लागला, शिंग लोंबू लागले किंवा नाकपुडीतून रक्त येऊ लागले, तर विलंब न करता पशुवैद्यास दाखवावे. म्हाताऱ्या बैलास पुन्हा तरुण करणारे औषध आजमितीस नाही. तसे सांगून कोणी पुडी विकू लागल्यास पैसा गाठीस ठेवावा.

भरपाईची शक्ती वाढविता येत नसली तरी ती राखता येते. जू गुळगुळीत असावे; जोडीची उंची सारखी असावी, नाही तर भार एकाच खांद्यावर येतो. पावसाने भिजलेले कातडे लवकर सोलवटते, म्हणून त्या दिवसांत खांदा रोज पाहावा. सूज दिसताच जू उतरवावे, जखम स्वच्छ ठेवून माशांपासून जपावी, आणि पुरता बरा होईपर्यंत बैल जुंपू नये. नवे कातडे अन्नातूनच घडते; तेव्हा विसाव्याच्या बैलाची ढेप तोडणे हा खोटा काटकसरीपणा होय.

पेरणीच्या घाईत आठ दिवसांची विश्रांती जड वाटते खरी. तथापि उथळ जखमेस दिलेले आठ दिवस पुढील कित्येक हंगाम वाचवितात. खांदशेकणी वर्षातून एकदा होते. खांद्याची चौकशी मात्र रोज झाली पाहिजे.