नव्या हुद्द्याची सही

चि. अमोल यास,


चाकणच्या कारखान्यात तुला ऑपरेटरचा ‘असिस्टंट मॅनेजर’ करायचं पत्र आलंय, हे कळलं. बढतीचा आनंद आहेच, पण सही करण्याआधी त्या हुद्द्यापायी काय हातचं जातं ते बघ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता कामगाराला जे संरक्षण देते, ते व्यवस्थापकाला देत नाही. महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराच्या पर्यवेक्षकालाही नाही. उद्या कामावरून काढलंच, तर दाद मागताना पहिला प्रश्न हाच निघेल, की तू कामगार होतास का?

त्याचं उत्तर मात्र पाटीवर ठरत नाही. मुंबईच्या सिबा-गायगी कंपनीतल्या अर्कल गोविंद राज राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हुद्द्याचं नाव बाजूला ठेवून त्यांचं मुख्य काम कोणतं ते पाहिलं, आणि त्यांना कामगार मानलं. म्हणून रजा कोण मंजूर करतं, माणसं कोण नेमतं, दिवसभर मशीनवर कोण उभं असतं, याची कागदोपत्री नोंद तुझ्याकडे हवी.

‘सांगतील ते काम करीन’ असं नेमणूकपत्रातच आहे, असं तू म्हणशील. खरं आहे. कामाची वाटणी करायचा अधिकार मालकाचा आहे आणि नुसतं काम बदलणं संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत नाहीच. पण पगार, भत्ते, श्रेणी, कामाचे तास, रजा, चालत आलेल्या सवलती तिथे आहेत. त्यांत बदल करायचा तर, काही अपवाद सोडता, आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. कामाबरोबर यातलं काय सरकतंय, तेच शोधायचं.

पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं सोबतचे म्हणतील. त्यांची भीती खोटी नाही. घराचा हप्ता कुणाला चुकलाय? पण लेखी विचारणं म्हणजे वैर नव्हे. काम मात्र नाकारू नकोस, नाहीतर हुकूम मोडल्याची चौकशी आयतीच त्यांच्या हाती जाईल. पगार, श्रेणी आणि अधिकार काय राहतील ते सहीआधी पत्राने विचार, प्रतीवर पोच घे. उत्तर नाही आलं, तर वीस वा जास्त कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावीच लागते. तिच्याकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. पत्राचा मसुदा आधी मला पाठव.

तुझा,
मामा