घरचा संगणक आणि विकतचा पहारा

प्रस्तावना

घरात संगणक आला की आठवडाभरात एक प्रश्न हमखास उभा राहतो : यावर अँटिव्हायरस विकत घेऊन घालायचा का? दुकानदार 'घालाच' म्हणतो, शेजारचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा 'काही गरज नाही' म्हणतो आणि दोघेही तितक्याच खात्रीने बोलतात. प्रश्न वर्षाकाठी भरायच्या रकमेचा आहे, तसाच घरातील कागदपत्रांचा, छायाचित्रांचा आणि बँकेतील शिलकीचाही आहे. प्रस्तुत पाठ हा वैचारिक लेख आहे. तो वाचताना आपण एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे : कोणता सल्ला कोणत्या काळात आणि कोणत्या परिस्थितीत दिला गेला होता?

मूळ पाठ

'व्हायरस' हा मूळ लॅटिन शब्द. त्याचा अर्थ विष. आपल्या 'विष' या शब्दाशी त्याचे दूरचे नाते आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणूनच 'विषाणू' हा मराठी प्रतिशब्द अर्थाने आणि नादानेही चपखल बसला. संगणकातील विषाणू मात्र निसर्गाने घडवलेला नसतो. ती कोणा माणसाने हेतुपुरस्सर लिहिलेली आज्ञावली असते. ती दुसऱ्या आज्ञावलीला चिकटते, स्वतःच्या प्रती काढते आणि संधी मिळताच एका संगणकातून दुसऱ्या संगणकात शिरते.

आयबीएम पीसी प्रकारच्या संगणकांमध्ये पसरलेल्या पहिल्या व्हायरसचा उगम आपल्या शेजारी देशातला आहे. १९८६ साली लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाची आज्ञावली लिहिली. ती फ्लॉपीमधून पसरे. विशेष म्हणजे तिच्यात या दोघांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही नोंदलेला होता! पुढच्या व्हायरसकर्त्यांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला नाही.

फ्लॉपीच्या त्या काळात संगणकासोबत व्हायरसपासून संरक्षण देणारे काहीही पुरेसे येत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी जगभर एक नवा उद्योग उभा राहिला. त्यात पुण्याचाही वाटा आहे. संगणक-दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आणला आणि दुरुस्तीच्या दुकानातून एक मोठी भारतीय कंपनी घडली. २००० नंतर फ्लॉपीची जागा पेन ड्राइव्हने घेतली. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेन ड्राइव्ह घरी आणून लावला की त्यातील आज्ञावली आपोआप सुरू होई आणि काही क्षणांत घरचा संगणक बाधित होई. त्या दिवसांत ज्यांनी 'अँटिव्हायरसशिवाय संगणक वापरू नका' असे सांगितले, त्यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त होते.

पुढे परिस्थिती पालटली. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासून बंद केली आणि २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसाच बदल पाठवला. २००९ मध्ये या कंपनीने घरगुती वापरासाठी एक विनामूल्य अँटिव्हायरस उपलब्ध करून दिला होता. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' या नावाने तसे संरक्षण विंडोजमध्येच अंतर्भूत झाले. आरंभी त्याची कामगिरी सुमारच होती. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज' या संस्था निरनिराळ्या अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात. त्यांच्या गुणतक्त्यांत मायक्रोसॉफ्टचे हे संरक्षण सुरुवातीची काही वर्षे मागच्या बाकावर बसत असे. नंतर त्यात सातत्याने सुधारणा झाली आणि गेल्या काही वर्षांत ते पैसे देऊन घ्यायच्या नामांकित उत्पादनांच्या पंक्तीत आले आहे. दुकानदाराचे ज्ञान आणि बाजारातले वास्तव यांत जे अंतर पडले आहे, ते येथे.

पाठगत प्रश्न १
(अ) 'ब्रेन' या आज्ञावलीचे वेगळेपण कशात होते?
(आ) 'अँटिव्हायरसशिवाय संगणक वापरू नका' हा सल्ला २००० नंतरच्या काळात रास्त का होता?

आता अँटिव्हायरस काम कसे करतो ते पाहू. पोलीस ठाण्यात फरारी गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा फलक असतो. तशीच ज्ञात व्हायरसच्या खुणांची एक यादी अँटिव्हायरसजवळ असते आणि संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो त्या यादीशी ताडून पाहतो. परंतु फलकावर ज्याचे छायाचित्रच नाही असा नवा चोर आला तर? त्यासाठी दुसरी पद्धत वर्तनावर नजर ठेवण्याची. एखादी आज्ञावली एकाएकी शेकडो फाइलींना कुलूप घालू लागली, तर तिचे नाव यादीत नसले तरी ती संशयास्पद ठरते. तिसरी पद्धत म्हणजे संशयित फाइलीची माहिती इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांकडे पाठवून तेथून निर्णय मागवणे. या तिन्ही पद्धती एकत्र आल्या तरी संरक्षण परिपूर्ण होत नाही. जगातील प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारी आज्ञावली लिहिणे तत्त्वतःच अशक्य आहे, हे फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकातच गणिताने सिद्ध केले होते. तेव्हा 'शंभर टक्के सुरक्षा' असे वेष्टनावर छापलेले आढळले, तर ते जाहिरातीचे वाक्य समजावे.

डिफेंडरची मोठी भिस्त या तिसऱ्या पद्धतीवर आहे. इंटरनेट जोडलेले नसताना त्याची ओळखण्याची शक्ती घटते, हे चाचण्यांतूनही दिसून आले आहे. ज्या घरी संगणक महिनोन्महिने इंटरनेटविना चालतो आणि सारी देवाणघेवाण पेन ड्राइव्हवरून होते, त्या घराला हे गुणतक्ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्या घराने निदान आठवड्यातून एकदा संगणक इंटरनेटला जोडून त्याचे अद्ययावतन करून घ्यावे.

अद्ययावतन म्हणजे ज्याला आपण 'अपडेट' म्हणतो ते. पुष्कळांना ती कटकट वाटते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने जगभर हाहाकार माजवला. रॅन्समवेअर म्हणजे आपल्याच फाइलींना कुलूप घालून किल्लीसाठी खंडणी मागणारी आज्ञावली. वॉनाक्राय बाधित संगणकामागे ३०० डॉलर मागत असे. काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. यात कोणी संशयास्पद पत्र उघडले नव्हते की कोणत्या खोट्या दुव्यावर बोट ठेवले नव्हते. विंडोजमधील एका उणिवेतून ही आज्ञावली एका संगणकातून दुसऱ्यात परस्पर शिरत होती. ती उणीव बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, विनामूल्य दिलेले होते. ज्यांनी ते घेतले होते त्यांच्या संगणकात शिरण्याची ही वाट बंद झाली होती, मग त्यांच्याकडे कोणता अँटिव्हायरस होता हा प्रश्न गौण ठरतो.

आणखी एक वाट आपणच उघडून देतो. महागडे सॉफ्टवेअर फुकट चालवण्यासाठी अनेक जण इंटरनेटवरून 'क्रॅक' उतरवतात. त्यासोबतच्या सूचनांत पहिली ओळ बहुधा अशी असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' चोराने घरमालकाला पहारेकरी रजेवर पाठवायला सांगावे, तसा हा प्रकार. 'स्टॉप' नावाचे रॅन्समवेअर मुख्यत्वे अशाच चोरट्या सॉफ्टवेअरमधून पसरले आणि त्याला बळी पडलेल्यांत घरगुती वापरकर्त्यांचाच भरणा अधिक होता. येथे विकतचा पहारेकरी असो की विंडोजसोबत आलेला, मालकानेच त्याला बाजूला सारल्यावर तो काय करणार?

बँकेचा ओटीपी दूरध्वनीवरून सांगितला जातो तेव्हा तर संगणकात व्हायरस नसतोच. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, त्वरित या क्रमांकावर संपर्क साधा' असा लाल अक्षरांतला फलक एखाद्या संकेतस्थळावर झळकतो. तोही बहुतेक वेळा निव्वळ चित्र असतो. त्या क्रमांकावर बोलणारा गृहस्थ संगणकाचा दूरस्थ ताबा मागतो आणि नंतर पैसे. भीती विकणाऱ्यांचा हा धंदा अँटिव्हायरसच्याच नावावर चालतो. अशा प्रकारे पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

विकतच्या किंवा फुकटच्या बाहेरील अँटिव्हायरसची स्वतःची काही किंमत असते आणि ती केवळ रुपयांत मोजून भागत नाही. हे सॉफ्टवेअर संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. त्याला सर्व फाइली दिसतात. एप्रिल २०१० मध्ये 'मॅकॅफी' या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतनाने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि असंख्य संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत राहिले. 'अव्हास्ट' कंपनीचे प्रकरण याहून गंभीर आहे. तिचे ग्राहक कोणकोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकली जात होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. सर्वच कंपन्या अशा वागतात असे मुळीच नाही. मात्र पहारेकरी नेमताना त्याचीही चौकशी करावी लागते, एवढे खरे.

तेव्हा माझे मत असे : ज्या विंडोजला कंपनीकडून सुरक्षा-अपडेट मिळत आहेत, ती अधिकृत आहे आणि संगणक अधूनमधून तरी इंटरनेटला जोडला जातो, त्या घराने वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची आवश्यकता नाही. 'विंडोज सिक्युरिटी' हे पान उघडून तेथील संरक्षण सुरू आहे की नाही एवढे पाहावे. नव्या लॅपटॉपवर एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस काही दिवसांसाठी फुकट दिलेला असतो. त्याची मुदत संपली की 'तुम्ही असुरक्षित आहात' असे इशारे सुरू होतात. तो काढून टाकला की डिफेंडर पुन्हा आपले काम हाती घेतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालवू मात्र नयेत. ते परस्परांवरच संशय घेतात आणि संगणक मंदावतो. वाचलेल्या पैशांतून एक बाहेरील हार्ड डिस्क घ्यावी, प्रमाणपत्रे, छायाचित्रे आणि हिशेब यांची प्रत तिच्यावर काढावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही रॅन्समवेअर कुलूप घालते.

छोट्या दुकानदाराची गोष्ट निराळी. ज्याच्या एकाच संगणकावर उधारीची वही, कराचे हिशेब आणि चार कामगारांचा वावर आहे, त्याने चांगला अँटिव्हायरस विकत घेतला तर तो खर्च वाया गेला असे म्हणता येणार नाही. खरी अडचण जुन्या संगणकांची आहे. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; मर्यादित मुदतीच्या वाढीव योजनेत नाव नोंदवले तरच त्यापुढचे सुरक्षा-अपडेट मिळतात. असे अनेक संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, आणि कमी उत्पन्नाच्या घरांत मुलांच्या शिक्षणासाठी येतात ते बहुधा हेच, कुणीतरी वापरून विकलेले. त्यांवर नवा अँटिव्हायरस घालणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीला रंग देणे होय. अशा संगणकावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली बसवून घेणे अधिक शहाणपणाचे. तिचे अपडेट चालू असतात आणि अभ्यास, पत्रलेखन व इंटरनेट यांसाठी ती पुरेशी ठरते. दुरुस्तीच्या दुकानात ती बसवून देतात का, हे संगणक घेण्यापूर्वीच विचारावे.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामांचा लिखित क्रम, प्रोग्रॅम
अंतर्भूत – आत समाविष्ट असलेले
भिस्त – भरवसा, मदार
अद्ययावतन – आजच्या स्थितीला आणणे, अपडेट
दूरस्थ – दूर अंतरावरून चालणारा
बोभाटा – गाजावाजा, सर्वत्र झालेली वाच्यता

स्वाध्याय

१. अँटिव्हायरस नवा व्हायरस कसा ओळखतो, ते पाठाच्या आधारे चार-पाच वाक्यांत लिहा.
२. वॉनाक्रायच्या घटनेत तारखांना एवढे महत्त्व का आहे?
३. 'दुकानदाराचे ज्ञान आणि बाजारातले वास्तव यांत अंतर पडले आहे' या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. लेखकाने अँटिव्हायरसला कोणकोणत्या ठिकाणी पहारेकऱ्याची उपमा दिली आहे? ती कोठे तोकडी पडते असे आपल्याला वाटते?
५. आपल्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी असलेल्या संगणकावर कोणती प्रणाली आहे आणि तिला अपडेट मिळतात का, याची माहिती घ्या आणि ती आठ-दहा ओळींत लिहा.