शंका घे, पण नाव लावून

बाय, गाडी घ्यायचं ठरवलंस ते बरं केलंस. तळेऱ्याला जायला रोज वैभववाडीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत किती दिवस काढणार? पण पेट्रोलची घेऊ की बॅटरीची, हे विचारताना तू जे मेसेज पाठवलेस ते वाचून मला काळजी वाटली. एक म्हणतो, जुन्या गाड्या मराव्यात म्हणून पेट्रोलमध्ये मुद्दाम इथेनॉल घालतायत. दुसरा म्हणतो, बॅटरीची गाडी हा परदेशी कट आहे. आणि दोन्हींच्या तळाशी तेच: खरा भक्त असशील तर अकरा जणांना पाठव. गाडी कुठली घ्यावी यात भक्ती कुठून आली गो?

आधी गाडीचं बोलूया. इथेनॉलची तक्रार अगदीच खोटी नाही. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते. आता पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं, म्हणजे अॅव्हरेज थोडं उतरणारच. हे काही कुणी लपवलेलं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या धाटणीच्या दुचाकीचं अॅव्हरेज ३ ते ४ टक्के आणि चारचाकीचं ६ ते ७ टक्के घटेल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या पेट्रोलला चालतील अशा बनवायला लागले. जुनी असेल तर रबरी पाइप आणि वॉशर मेकॅनिककडून बघून घ्यायचे. करूळ घाट चढून गेलं की पुढे कोल्हापूरपर्यंत ऊसच ऊस आहे. त्याच्या रसातून आणि मळीतून इथेनॉल निघतं, त्यावर कितीतरी घरं चालतात. इथेनॉलचा आग्रह धरणाऱ्या केंद्रीय मंत्री नितीन गडकरींच्या मुलांच्या कंपन्या या धंद्यात आहेत, हेही उघड आहे. गडकरी म्हणतात, माझ्याविरुद्धची मोहीम पैसे देऊन चालवलीय. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं म्हणून कुणी सुप्रीम कोर्टात गेलं, १ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने ती याचिका फेटाळली. हे सगळं पेपरात आलंय. प्रश्न विचारायचा तर याच्यावर विचार, तो तुझा हक्क आहे.

आता बॅटरीची गाडी. तुझी ये-जा पन्नास किलोमीटरच्या आतली. तीन युनिटची बॅटरी एकदा भरली की सपाटीला ऐंशीच्या आसपास जाते. भरायला तीस-पस्तीस रुपयांची वीज लागते, तेवढ्याच अंतराला पेट्रोल दोनशेच्या जवळ जातं. घाट चढताना चार्ज भराभर उतरतो, उतारावर त्यातला थोडासाच परत मिळतो. म्हणून ज्याला दर आठवड्याला गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठायचंय त्याने पेट्रोलचीच घ्यावी. आपली वीज बरीचशी कोळशावर बनते, तेव्हा ही गाडी अगदी निर्मळ असंही कुणी समजू नये. पण धूर आपल्या बाजारपेठेत होत नाही आणि महिन्याचा खर्च उतरतो. आगीची भीती मनात धरतेस ना? २०२२ मध्ये पुण्यात आणि इतरत्र स्कूटर पेटल्या, हे खरं. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. त्यामुळे जुना पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे, पंधरा अँपिअरचा सॉकेट बसव, एक्स्टेन्शन बोर्डावर चार्जिंग लावू नकोस. पावसात आपली लाइट कशी जाते ते तुला सांगायला नको. तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, कितीतरी गावं दिवसच्या दिवस काळोखात होती. तेव्हा जून लागला की निम्मी बॅटरी उतरायच्या आत भरायची सवय लाव. सर्व्हिस सेंटर किती लांब आणि बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, हे कागदावर घे. एवढं जमत असेल तर माझं मत बॅटरीच्या गाडीला.

आता मनातलं बोलते. तू देव मानतेस याचा मला अभिमान आहे. दसऱ्याला गाडीला हार घाल, नारळ फोड, ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाल. पण देवाचं नाव पुढे करून जो मेसेज येतो त्याला देवाचा शब्द समजू नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज फिरत होते. मेले ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. १६ एप्रिल २०२०, पालघरमधलं गडचिंचले. पुन्हा तीच अफवा, आणि गुरूच्या अंत्यविधीला निघालेले दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. तेवढ्यावर थांबलं नाही. हे दुसऱ्या धर्माच्या लोकांनी केलं, असे मेसेज लगेच सुटले. शेवटी राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. बघ बाय, दोन्ही वेळा अफवेने गिळली ती देवाच्या नावावर जगणारी माणसं. अफवा भक्ताची कधीच नसते.

म्हणून शंका घेऊच नको असं मी म्हणत नाही. आपल्या शेजारच्या राजापुरात बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीवर पत्रकार शशिकांत वारिशे यांनी शंका घेतली. पेपरात लिहिली, समोरच्याचं नाव घेऊन आणि स्वतःचं नाव लावून. ६ फेब्रुवारी २०२३ ला ती बातमी आली, त्याच दिवशी एका गाडीने त्यांना चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्या माणसाने जी किंमत मोजली ती आठवली की निनावी मेसेज पुढे ढकलायला माझा हात धजत नाही.

आपल्या देवळातसुद्धा कौल कसा लावतात ते तू लहानपणापासून बघतेस. बारापाचाचे मानकरी हजर असतात, गाव समोर उभा असतो, गुरव मोठ्याने विचारतो. कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय, हे सगळ्यांच्या कानावर जातं. देवाकडे जायची आपली रीत ही अशी उघडी आहे. ज्या मेसेजला बापाचं नाव नाही त्याने तुझी भक्ती कशाला तपासावी?

तेव्हा एक कर. मेसेज आला की तीन गोष्टी बघ: कुणी लिहिलंय, कुठली तारीख, कुठला कागद. तिन्हींतलं काही नसेल तर तो तुझ्या फोनमध्येच मरू दे. अकरा जणांना न पाठवल्याने कुठलाच देव कोपत नाही, ही जबाबदारी माझ्यावर टाक. आणि घरच्या ग्रुपवर काकांनी असलं काही टाकलं तर सगळ्यांसमोर भांडू नकोस. संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बस आणि प्रेमाने विचार, काका, हे तुम्हाला कुणी पाठवलं? रविवारी आपण दोघी शोरूमला जाऊ. तुझे प्रश्न वहीत लिहून आण.