गोळी आज, गुण आठवड्याने

बाळा, डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिली म्हणून तोंड पाडून बसू नकोस. बहुतेक अॅम्लोडिपीन नाहीतर टेल्मिसार्टन असेल. आपल्याकडे सुरुवात सहसा यांनीच होते. मात्रा किती ते डॉक्टरच ठरवतील. पण ती नेमकी बसायची असेल तर खरी माहिती तुझ्या घरातून जायला हवी. गूगल जरा बाजूला ठेव आणि मावशीचं ऐक.

१. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा बीपी मोजून वहीत लिही — दवाखान्यात कित्येकांचं बीपी नुसत्या धास्तीने चढतं, आणि त्या एका आकड्यावर गोळी वाढली तर घरी चक्कर येते.

२. मोजण्याआधी लघवीला जाऊन ये, मग पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, हात छातीच्या उंचीला ठेवून गप्प बस. गप्पा तर अजिबात नकोत — अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा जिना झाला असेल तरी आकडा फुगतो. आकडा खोटा, तर मात्रा खोटी.

३. यंत्राचा पट्टा दंडाच्या मापाचा घे आणि बाहीवरून न लावता उघड्या दंडावर लाव — जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं.

४. अॅम्लोडिपीन साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, वयस्कर किंवा नाजूक तब्येतीच्या माणसाला २.५ ने, आणि दिवसाला १० च्या वर नेत नाहीत — शेजारच्या काकांची दहाची गोळी त्यांच्या अंगाला बसलेली असते, तुझ्या नाही.

५. चार दिवसांत आकडा उतरला नाही म्हणून मनाने दुसरी गोळी टाकू नकोस — अॅम्लोडिपीन अंगात पुरती मुरायला आठवडा लागतो, टेल्मिसार्टनचा पूर्ण गुण दिसायला महिनाही जातो. विरजण लावलेलं भांडं सारखं ढवळलं तर दही लागेल का? गोळी आज, गुण आठवड्याने.

६. अॅम्लोडिपीनच्या आधी ‘एस’ लिहिलंय का, ते स्ट्रिपवर बघ — एस-अॅम्लोडिपीनची २.५ ही साध्या अॅम्लोडिपीनच्या ५ च्या तोडीची असते, त्यामुळे मेडिकलवाल्याने बदलून दिलेली ‘पाचला पाच’ म्हणून घेतलीस तर औषध दुप्पट पोटात जाईल.

७. गोळीच्या नावामागचं ‘एएम’, ‘एच’, ‘सीटी’ असलं शेपूट दिसलं की स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाच — एकाच गोळीत दोन औषधं असल्याची ती खूण असते. एका डॉक्टरांची अॅम्लोडिपीन आणि दुसऱ्यांची ‘एएम’वाली टेल्मिसार्टन एकत्र घेतली की तेच औषध दोनदा होतं.

८. डॉक्टरांनी पहिली गोळी न वाढवता दुसरी जोडली तर ‘आपला आजार बळावला’ म्हणून घाबरू नकोस — दोन औषधं थोडी थोडी दिली की एकाच्या दुप्पट मात्रेपेक्षा बीपी सहसा जास्त उतरतं, आणि त्रासही कमी होतो.

९. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा खोल वळ दिसला, बोटाने दाबल्यावर खळगा राहिला, तर डॉक्टरांना सांग. मनाने लघवीची गोळी घेऊ नकोस — ही सूज अॅम्लोडिपीनची असू शकते, १० वर ती जास्त दिसते आणि मात्रा उतरवली की बहुधा ओसरते.

१०. टेल्मिसार्टन सुरू झाली किंवा वाढली की डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घे, आणि ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय घरात आणू नकोस — त्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं आणि गोळीही पोटॅशियम वाढवते. आणि घरात ती घेणाऱ्या कुणाला दिवस जायचे असतील तर आधीच डॉक्टरांना सांगा, ही गोळी गरोदरपणात चालत नाही.

११. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर — अंगातलं पाणी आटलं असताना टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी मूत्रपिंडाला जड जाते, ती तेवढ्यापुरती थांबवायची का ते डॉक्टर सांगतील.

१२. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज घेत सुटू नकोस — या गोळ्यांनी बीपी चढतं, आणि खरं कारण न कळता बीपीच्या औषधाची मात्रा उगाच वाढते.

१३. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घे, पण दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून दे — दुप्पट गोळी, चौपट चक्कर.

१४. टेल्मिसार्टन आठवड्याच्या डबीत सुटी भरून ठेवू नकोस, घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढ — ती हवेतली ओल पटकन धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओल कमी का असते?

१५. बीपी १८०/१२० च्या वर दिसलं तर शांत बसून पुन्हा मोज, जिभेखाली निफेडिपीन ठेवू नकोस — बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा घटतो. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं सोबत असेल तर मात्र मोजत न बसता थेट हॉस्पिटल गाठ.

१६. आकडा छान आला म्हणून गोळी बंद करू नकोस — तो गोळीनेच आलाय. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल चालू असेल तर ती एकाएकी सोडणं हृदयाला फार महागात पडू शकतं.

१७. पुढच्या खेपेला वही आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, दुखण्याच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन जा — डॉक्टरांना तुझा खरा आकडा आणि खरी गोळी दोन्ही दिसली, तरच मात्रा वाढवायची, कमी करायची की तीच ठेवायची हे नीट ठरतं. वही भरलेली, तर गोळी आवरलेली.